वाचकांचे प्रश्न : शिशाच्या खाणीतला उक्ता हिशेब

प्रश्न : अठराव्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या शिशाच्या खाणींत रोजंदारी नसे, असे वाचले. मग मजुरीचा हिशेब कसा होई? आणि तोवर घर कशावर चाले?

उत्तर : ॲलनडेल, विअरडेल, अल्स्टन मूर या पेनाइन डोंगरांतल्या भागांत काम उक्त्याने दिले जाई. चार ते आठ जणांची टोळी कारभाऱ्याशी साधारण तीन महिन्यांचा सौदा करी. त्याला 'बार्गेन' म्हणत. नुसता बोगदा पुढे न्यायचा असेल तर दर फॅदमवर, म्हणजे सहा फुटांवर. खनिज काढायचे असेल तर दर 'बिंग'वर. बिंग म्हणजे 8 हंड्रेडवेट, 896 पौंड, सुमारे 406 किलो. मात्र हे वजन खणलेल्या दगडाचे नव्हे, धुतलेल्या खनिजाचे. सगळी गुंतागुंत या एका अटीतून निघते.

बाहेर आलेला माल सपाट लोखंडी हातोड्याने कुटत आणि चाळणीत घालून पाण्यात हलवत. जड खनिज खाली बसे, हलका दगड वर येई, तो खरवडून टाकत. याला वाहते पाणी हवे. हिवाळ्यात पाणी गोठले की धुणे बंद, म्हणजे जानेवारीत फोडलेल्या मालाचे वजन उन्हाळ्यात कळे. तोवर कारभारी दरमहा उचल देई आणि पुरा हिशेब वर्षातून एकदा होई. या उचलीला मालकाचा चांगुलपणा म्हणणे मला पटत नाही. तिच्याशिवाय एकही टोळी वसंतापर्यंत टिकली नसती, आणि मालकाची खाणही चालली नसती.

आता एका तिमाहीचा हिशेब मांडू. आकडे केवळ रीत कळावी म्हणून घेतले आहेत. 20 शिलिंगांचा पौंड आणि 12 पेन्सचा शिलिंग, एवढे ध्यानात ठेवावे. समजा चौघांनी 20 बिंग माल काढला, दर 25 शिलिंग. जमा 25 पौंड. धुण्याचे बिंगामागे 4 शिलिंग, म्हणजे 4 पौंड वजा. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू आणि हत्यारांना धार लावण्याचे अडीच पौंड वजा. दरमहा माणशी एक पौंड उचल, तीन महिन्यांचे 12 पौंड वजा. उरले साडेसहा पौंड, माणशी 1 पौंड 12 शिलिंग 6 पेन्स. शीर, म्हणजे खडकातला खनिजाचा पट्टा, पातळ निघून याच दराने 12 बिंगच भरले तर? जमा 15 पौंड. धुण्याचा खर्च 2 पौंड 8 शिलिंगांवर आला तरी टोळीच्या नावे 1 पौंड 18 शिलिंग देणे बाकी निघते. ती पुढच्या हिशेबात ओढली जाई, आणि बाकीदार माणसाला दुसरीकडे जाणे अवघड होई.

प्रश्न : दर कोण ठरवी, आणि चूक कुठे होई?

उत्तर : कारभारी शिरेची रुंदी आणि खडकाचा कठीणपणा पाहून. शीर अचानक भरदार निघाली तर टोळीची चांदी होई, पण पुढच्या बार्गेनला दर खाली येई. त्यामुळे चांगली जागा सापडली तरी ती लगेच दाखवण्यात मजुराचा तोटा होता. शेजारच्या दोन जागांचे दर फार वेगळे ठेवणे हीदेखील चूकच, कारण स्वस्त जागेचा माल महाग जागेच्या ढिगात जाण्याचा धोका असे. म्हणून प्रत्येक टोळीचा ढीग वेगळा राखणे गरजेचे. ओला किंवा अर्धवट धुतलेला माल तोलला की मालक पाण्याचे आणि दगडाचे पैसे मोजी.

प्रश्न : वितळवणाऱ्यांवर लक्ष कसे ठेवत?

उत्तर : उताऱ्यावरून, म्हणजे किती खनिजातून किती शिसे निघाले यावरून. शिसे 'फोदर'मध्ये मोजत, पण फोदर सगळीकडे सारखा नव्हता: लंडनचा साडेएकोणीस हंड्रेडवेट, उत्तरेकडचा त्याहून जड. त्यामुळे दोन गावांच्या वह्या ताडून पाहण्याआधी फोदर कुठला ते पाहावे. ढोबळमानाने चार-पाच बिंगांत एक फोदर शिसे निघे. वितळवण्याच्या गिरणीत गेलेले बिंग आणि बाहेर आलेले शिसे यांचे प्रमाण बिघडले, तर कारणे तीन: माल नीट धुतला नव्हता, शिसे मळीत, म्हणजे वितळवल्यावर उरणाऱ्या गाळात, राहिले, किंवा वाटेत माल कमी झाला. मळी पुन्हा वेगळ्या भट्टीत घालून त्यातले शिसे काढत, तेव्हा त्या शिशाची नोंद स्वतंत्र न ठेवल्यास पहिल्या भट्टीचा दोष झाकला जाई.