वाक्य पूर्ण होऊ दे

गंगापूर रोड, नाशिक
मंगळवार, रात्र

डॉक्टरबाई,

काल तुझा फोन ठेवल्यावर नीट जेवलो नाही. लॅब्रॅडॉरवाल्या त्या बाई केसपेपर टेबलावर टाकून निघून गेल्या, जाताना 'मुक्या जनावराची हाय लागेल' म्हणाल्या, आणि तू मला विचारलंस की यापुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून करायच्या ऑपरेशनचा विषय काढूच नये का. काढायचा. त्यावर माझ्याशी वाद घालू नकोस. पोत्यात बांधून गंगेवर सोडलेली पिल्लं तूही पाहिली आहेस, मीही पाहिली आहेत, तेव्हा ऑपरेशन का करावं हे मी तुला सांगत बसणार नाही. तुझं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. बाई 'नको' म्हणाल्या, त्यानंतर तू किती वेळाने बोलायला लागलीस? तूच सांगितलंस, 'मी लगेच त्यांना समजवायला घेतलं.' लगेच! या 'लगेच'पायी मी एक कुत्री घालवली आहे.

मखमलाबादहून एक आजोबा यायचे. त्यांची राणी, अल्सेशियनचा अंश असलेली गावठी, सात वर्षांची. लसीला आणली होती. मी सुई भरता भरता म्हणालो, 'बाबा, आता तरी हिची पिशवी काढून घेऊ.' ते म्हणाले, 'आत्ता नको साहेब, ती हल्ली...' पुढचं मी ऐकलंच नाही. 'हल्ली अशक्त आहे, हल्ली घरात लग्न आहे', असं काहीतरी असणार हे मी ठरवून टाकलं आणि माझं भाषण सुरू केलं. चांगलं भाषण होतं, पाठच होतं. आजोबांनी मान डोलावली, पैसे दिले आणि गेले. बारा दिवसांनी रिक्षातून गोधडीत गुंडाळून घेऊन आले. पोट तट्ट फुगलेलं, हिरड्या पांढऱ्या. टेबलावर घेतली. पिशवी बाहेर काढली तेव्हा तिची दोन्ही शिंगं, म्हणजे दोन फाटे, माझ्या मनगटाएवढी जाड झाली होती, आत नुसता पू. रात्री अडीचला गेली. आजोबा बाहेरच्या बाकावर बसून होते. म्हणाले, 'त्या दिवशी तेच सांगत होतो साहेब. ती हल्ली पाणी फार प्यायची.'

पायोमेट्रा, म्हणजे गर्भपिशवीत पू होणं. माज होऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत, तहान वाढलेली, खाणं कमी, आणि पिशवीचं तोंड बंद असेल तर बाहेर एक थेंब दिसत नाही. हे तुला परीक्षेला पाठ होतं तसं मलाही होतं. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदी सांगतात की ऑपरेशन न केलेल्या दर चार कुत्र्यांपैकी जवळजवळ एकीला वयाच्या दहा वर्षांपर्यंत हा आजार गाठतो. हा आकडाही माझ्या भाषणात असायचा. राणीला गाठून झालं होतं, आणि मी तिच्या मालकाला तो आजार टाळण्याचे फायदे सांगत होतो.

आता तू म्हणशील, सर, बाहेर गर्दी असेल. होतीच. अकरा जण बसले होते, त्यात एक मांजर खोक्यातून सुटलेलं. शिवाय राणीला लसीसाठी आणलं होतं, तपासणीसाठी नाही, आणि सुरुवातीला पोट हाताला लागतंच असंही नाही. हे सगळं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलोय. खरंही आहे. पण पोट लागलं नसतं तरी पाणी ऐकू आलं असतं.

म्हणून सांगतो, वाक्य पूर्ण होऊ दे. लोक 'नको' म्हणतात तेव्हा ते वाक्य नसतं, वाक्याची सुरुवात असते.

'एकदा तरी आई होऊ दे तिला.' हे तू आठवड्यातून तीनदा ऐकशील. एक वेत झाल्याने कुत्रीच्या तब्येतीला फायदा होतो याला काही आधार नाही, हे तुला माहीत आहे, आणि ते तोंडातून बाहेर पडायला तुझी जीभ शिवशिवत असणार. थांब. इंदिरानगरच्या एक बाई हेच म्हणाल्या. मी तोपर्यंत थोडा शहाणा झालो होतो, गप्प राहिलो. त्या कुत्रीच्या कानामागे खाजवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'माझी पिशवी काढली तेव्हा मी एकतीसची होते. मलाही कुणी विचारलं नव्हतं.' यावर तू काय आकडा सांगणार? मी काहीच सांगितलं नाही. कुत्री टेबलावर कशी झोपेल, भूल कशी देतात, टाके कुठे येतील, शुद्धीवर येताना तुम्ही जवळ बसू शकाल, एवढंच सांगितलं. दीड महिन्याने त्या आपणहून आल्या. उपाशीपोटी आणायचं सांगितलं होतं म्हणून त्या स्वतःही काही न खाता आल्या होत्या.

शब्दही सांभाळ. तू 'नसबंदी' म्हणतेस, मीही म्हणायचो. एक तर तो शब्द चूक आहे. आपण नस बांधत नाही, कुत्र्याची वृषणंच काढतो. आणि साठी-सत्तरीतल्या माणसाला तो शब्द कुठे लागतो याची तुला कल्पना नाही, तुझा जन्मच नव्हता. 1976 साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. पण 1976-77 या एका वर्षात देशभरात 80 लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यातल्या कितीतरी धाकाने. ज्यांनी गावात जीप आलेली पाहिली त्यांच्यासमोर पांढरा कोट घालून 'नसबंदी करून घ्या' म्हणायचं म्हणजे... जाऊ दे. 'ऑपरेशन' म्हण.

पुरुषांचं दुखणं निराळं. निफाडकडचे एक बागायतदार, द्राक्षबागेत राखणीला रॉटवायलर. तो बांध ओलांडून दोनदा भांडून, फाटून आलेला. मी म्हटलं, खच्ची करू. ते खवळले, 'मर्दानी जनावर आहे डॉक्टर.' मी लगेच (बघ, पुन्हा लगेच) विचारलं, 'गोठ्यातले बैल खच्ची केलेत तेव्हा कुठे गेली होती मर्दानगी?' बाकावरचे सगळे हसले. मी वाद जिंकलो. तो कुत्रा पुन्हा माझ्याकडे आला नाही. पुढे कधीतरी त्यांच्या गड्याने सांगितलं की मालकांना एकच भीती होती, खच्ची केलेला कुत्रा राखण करणार नाही, आणि बागेवर आधी दोनदा पंप चोरीला गेले होते. साधा प्रश्न होता. राखण कुत्र्याच्या स्वभावात आणि सवयीत असते, भटकणं नि मादीमागे धावणं तेवढं कमी होतं, हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

ही मर्दानगीची खोड फक्त आपल्याकडची आहे असंही समजू नकोस. अमेरिकेत मिसुरीतल्या एका गृहस्थांनी कुत्र्यांसाठी नकली वृषणं काढली. ऑपरेशननंतर बसवायची, जागा रिकामी दिसू नये म्हणून. तीन मापांत मिळायची! त्यांना 2005 साली इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या नि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात ते. पूर्वी मी हे हसण्यासाठी सांगायचो. आता वाटतं, त्या माणसाने निदान मालकांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं होतं.

पापाचं म्हणशील तर त्यात शिरू नकोस. कुणी जीवाला शस्त्र लावायचंच नाही म्हणतो, त्याला धर्म शिकवायची आपली पात्रता नाही. मात्र 'पाप' हा शब्द पुष्कळदा पैशांवर पांघरलेला असतो. खर्च किती, हे चारचौघांत विचारायची लाज वाटते. टाके चाटू नयेत म्हणून दहा दिवस गळ्यात कॉलर घालून बसलेल्या कुत्रीपाशी घरी कोण थांबणार, सुट्टी कुणाची, हेही विचारता येत नाही. पाप म्हणणं सोपं. रक्कम तूच आधी सांग, आवाज न चढवता, आणि मग बघ किती जणांचं पाप फिटतं.

आणि ज्यांना लॅबची पिल्लं विकायची आहेत त्यांचं वाक्य तू सकाळपासून ऐकलंस तरी रुपयांतच संपेल. त्यांना 2017 चे प्रजननाचे नियम सांग. नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तेवढं सांग आणि पुढचा पेशंट घे. इथे मात्र माझा संयम संपतो, तुझाही संपला तर मी रागावणार नाही.

सर्वांत जास्त राग मला आला होता तो एका पोराचा. सातपूरला कारखान्यात नोकरी, गोल्डन रिट्रीव्हर सहा महिन्यांचा, आणि हातात मोबाइल. म्हणाला, एवढ्या लवकर नको, सांधे बिघडतात. मी म्हटलं, 'मोबाइलवर शिकलास का डॉक्टरकी?' रात्री घरी येऊन वाचलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मंडळींनी 2013 साली गोल्डन रिट्रीव्हरवरच अभ्यास छापला होता. वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांत खुब्याचे आणि गुडघ्याचे विकार जास्त आढळले होते. पोरगं बरोबर होतं. नॉर्वेत तर वैद्यकीय कारणाशिवाय पाळीव कुत्र्याचं ऑपरेशन सरसकट करतच नाहीत. तिथे रस्त्यावर बेवारस कुत्री नाहीत, आपल्याकडे आहेत, हा फरक मी अजूनही ठासून सांगेन. पण त्या दिवसापासून मोठ्या जातीच्या कुत्र्याला मी वर्ष-दीड वर्ष थांबतो. कुत्रीला लघवी झिरपण्याचा त्रास पुढे होऊ शकतो, वजन वाढतं, हेही आता न विचारता सांगतो. त्या पोराला मात्र मी कधी फोन केला नाही. नंबर केसपेपरवर होता.

तर लॅबवाल्या बाईंना उद्या फोन कर. माफी मागू नकोस, तुझं म्हणणं चूक नव्हतं. एवढंच म्हण, 'त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता.' आणि मग गप्प बस. मनात वीस आकडे मोज हवे तर.

हे लिहिताना एक आठवलं. काल फोनवर तू मध्येच म्हणालीस, 'पण सर, आमच्या घरी सुद्धा...' आणि मी तुला तोडून लॅब किती वर्षांची ते विचारलं.

तुमच्या घरी काय?

सर