वॉशिंग्टन, जेफरसन यांना आजचे अमेरिकन लोक महापुरुष मानतात की गुलामांचे मालक? त्या काळी सगळेच गुलाम ठेवायचे ना?

दोन्ही मानतात, आणि त्यावरून कडाकडा भांडतात. २०२० मध्ये पोर्टलंडला निदर्शकांनी एका शाळेपुढचा जेफरसनचा पुतळा पाडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने २०२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टन-जेफरसनची नावं शाळांवरून काढायचा ठराव केला, आणि एप्रिलमध्ये मागे घेतला. झालं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मी लिहायला बसलोय ते दुसऱ्यासाठी, कारण हेच वाक्य मला आमच्या साडूंनी ऐकवलंय.

मी व्हर्जिनियात राहतो. पुण्याहून साडू आले की त्यांना जेफरसनचं घर, मॉन्टिसेलो, दाखवायचं असं ठरलेलं होतं. साडू निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. तिथल्या जेवणघरात शेकोटीच्या चौकटीला कडेने छोटी दारं आहेत. खाली तळघरात दारूचं कोठार, तिथून कप्प्यात बाटली ठेवून दोरीने वर ओढायची. शेजारी गोल फिरणारं दार, त्याच्या पाठीला फळ्या. पलीकडून ताटं लावली आणि दार फिरवलं की वाढप आत. साडू बेहद्द खूष. "काय डोकं आहे बघ माणसाचं!" मग गाइडबाई शांतपणे म्हणाल्या की वाढणारी गुलाम माणसं पाहुण्यांना फारशी दिसू नयेत, बोलणं त्यांच्या कानावर जाऊ नये, हाही या सोयीचा एक उपयोग होता. पुढे आकडे आले. आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं मालकीची. जिवंतपणी मुक्त केली दोन, मृत्युपत्रात पाच. १८२६ ला वारला तेव्हा डोक्यावर कर्जाचा डोंगर, म्हणून १८२७ च्या जानेवारीत याच घरी १३० माणसं लिलावाला काढली.

साडू मराठीत, पण चांगले मोठ्याने म्हणाले, "तिकीट काढून हेच ऐकायला आलो का आपण?"

गाडीत तोंड फुटलं ते घर येईपर्यंत. "अरे, त्या काळी कोण ठेवत नव्हतं गुलाम?"

कोण म्हणजे? पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने आयुष्यात एकही ठेवला नाही. बेंजामिन फ्रँकलिनने स्वतः ठेवले होते, पण १७९० मध्ये गुलामगिरी मोडा म्हणून काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, गेलेल्या अर्जावर त्याची सही आहे. आणि ते उत्तरेकडचे म्हणून सोडून द्यायचे, तर याच व्हर्जिनियातला रॉबर्ट कार्टर घ्या. गडगंज जमीनदार. त्याने १७९१ मध्ये दस्त नोंदवून टप्प्याटप्प्याने साडेचारशेच्या वर माणसं मुक्त करायला घेतली. वॉशिंग्टन, जेफरसन तेव्हा हयात होते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

वॉशिंग्टनचं तर आणखी पुढचं. राष्ट्राध्यक्ष म्हणून तो फिलाडेल्फियात राहायचा. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरच्या मालकाचा गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला की सुटकेला पात्र. म्हणून हा मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणायचा. त्यातली ओना जज १७९६ मध्ये पळाली, तर तिला परत आणायला याने माणसं कामाला लावली. ती सापडली, पण आली नाही. कायदा चुकवायला जो इतकी धडपड करतो, त्याला काळ बरोब्बर कळलेला असतो.

साडूंचा शेवटचा पत्ता ठरलेला. "आपल्या महापुरुषांबद्दल कोणी असं बोललं तर चालेल?" यांच्या दिवाणखान्यात जोतीरावांचा फोटो आहे! जोतीराव थॉमस पेन वाचून पेटले. पेन याच पिढीतला, स्वातंत्र्यासाठी लेखणी झिजवलेला आणि गुलामगिरीच्या विरोधातला. आणि जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना. वॉशिंग्टन-जेफरसनसारख्या संस्थापकांच्या पायावर डोकं ठेवायची त्यांना गरज वाटली नाही.

आता हेही सांगायला हवं की वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपल्या मालकीचे १२३ गुलाम मुक्त करायला लिहून ठेवलं, जेफरसनपेक्षा कितीतरी बरं. शिवाय कृष्णवर्णीय नेत्यांनीही संस्थापकांना सरसकट मोडीत काढलेलं नाही. फ्रेडरिक डग्लसने १८५२ मध्ये तुमचा चार जुलै, म्हणजे स्वातंत्र्यदिन, गुलामाच्या काय कामाचा असं खडसावलं, पण त्याच भाषणात अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली तत्त्वं उचलून धरली. मार्टिन ल्यूथर किंगने १९६३ मध्ये त्या जाहीरनाम्याला न वटलेली हुंडीच म्हटलं. माझ्या ओळखीतले बहुतेक अमेरिकन या दोघांच्या आसपास आहेत, पण मी शहरात राहतो, गावाकडे वेगळं ऐकायला मिळेल. आणि राजकारण म्हणाल तर २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या आयोगाने संस्थापकांची पाठराखण करणारा अहवाल दिला आणि दोनच दिवसांनी बायडन यांनी तो आयोगच रद्द केला.

तुम्ही कधी मॉन्टिसेलोला गेलात तर आधी मलबेरी रो बघा, म्हणजे घराजवळची गुलामांच्या झोपड्यांची आणि कारखान्यांची ओळ, जिथे दहा-बारा वर्षांची पोरं खिळे ठोकून घडवायची, आणि मग घरात शिरा. आम्ही उलटं केलं. साडूंना नंतर रॉबर्ट कार्टरची सगळी माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं, "एवढा मोठा होता तर याचा पुतळा का नाही कुठे?"