वंटमुरी घाटात उकळणारी ‘ट्वेंटी’

प्रश्न : घरात १९२६ ची रोल्स-रॉइस २० एचपी (‘ट्वेंटी’) आहे. सपाटीवर छान पळते, फाटकावर उभी राहिली तरी तापत नाही. पण बेळगावकडे येताना वंटमुरी घाट लागला की रेडिएटर उकळतो. मेकॅनिक म्हणतो, रेडिएटरची जाळी बदला. बदलू का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : इतक्यात नको. जाळीचं काम सगळ्यात खर्चिक, तिची पाळी शेवटी. उभ्या गाडीत पाणी तापत नाही म्हणजे पंखा आणि त्याचा पट्टा बहुधा ठीक आहे.

आधी फुकटातलं पाहा. डॅशवरून शटर (रेडिएटरपुढच्या उघडमीट होणाऱ्या पट्ट्या) पूर्ण उघडा आणि खाली उतरून समोरून बघा. जुना दांडा झिजला की आतली मूठ शेवटाला पोचते, पट्ट्या मात्र अर्ध्याच उघडतात. मग स्टिअरिंगवरचे खटके. चढावर इंजिन ठोकायला लागलं की इग्निशन ‘लेट’कडे ओढतात आणि तिथंच विसरतात. ठिणगी उशिरा पडली की जळण एक्झॉस्टपर्यंत रेंगाळतं आणि ती उष्णता पाण्यात उतरते. मिश्रण ‘वीक’कडे (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल तरी तेच.

हे ठीक असेल तर १० किलोमीटर चालवून, इंजिन चालूच ठेवून इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोजा. चकचकीत निकेलवर तो कमी आकडा दाखवतो. आधी कागदी चिकटपट्टी लावा, तिच्यावर नेम धरा. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाण्यात साधारण ८ ते १० अंश सेल्सिअसचा फरक असावा. २० च्या पुढे गेला तर पाणी फिरत नाही : पंप, आत ओढला जाणारा खालचा होज (रबरी नळी), नाहीतर ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं धड. जाळीचा एखादाच भाग गार लागला, तरच मेकॅनिकचं खरं.

आमचा संशय ब्लॉकवर. सहा सिलिंडर एका ओळीत, त्यामुळे गाळ मागे, पाचव्या-सहाव्यापाशी बसतो. वॉटर जॅकेटची (सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीची) बाजूची प्लेट काढा. गंजलेले बोल्ट जोरानं पिळू नका. भेदक तेल घालून रात्रभर सोडा. आत चहाच्या चोथ्यासारखा तांबूस गाळ निघेल. वाकवलेल्या तारेनं खरवडा, मग पाण्याची धार मारा. फरशी धुण्याचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा मुळीच नको, प्लेट ॲल्युमिनियमची असते. बोअरवेलचं पाणी परत भरू नका, क्षार तिथूनच येतात. गाळलेलं पावसाचं पाणी चालेल.

प्रश्न : उकळल्यावर लगेच गार पाणी ओतलं तर? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ओतू नका, तापलेल्या बिडाला तडा जातो. सावलीत अर्धा तास थांबा. ‘ट्वेंटी’च्या रेडिएटरला प्रेशर कॅप (आत दाब धरून ठेवणारं झाकण) नाही, आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, त्यामुळे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. तापमानाचा काटा ९० ला गेला की गिअर खाली घ्या, वेग कमी करा.