टॉर्नेडोने अख्खं गाव सपाट झालं तर ते परत पहिल्यासारखं होतं का?

बिल्डिंगांचं विचारत असाल तर होतं, कधीकधी आधीपेक्षा भारी होतं. माणसांचं तसं नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सासमधलं ग्रीन्सबर्ग बघा. ४ मे २००७ च्या रात्री जवळपास पावणेतीन किलोमीटर रुंद टॉर्नेडो गावावरून गेला, वारा ताशी ३३० किमीच्या आसपास, ९५ टक्के गाव खलास. मेले ११, आणि एवढ्यावरच निभावलं कारण इशारा वीसेक मिनिटं आधी मिळाला आणि बऱ्याच घरांना तळघर होतं (आमच्या गोव्यातल्या पेडण्यात तळघर खणलं तर जुलैत त्याची विहीर होईल, ते सोडा). मग त्यांनी ठरवलं की बांधायचंच आहे तर नीट बांधू, नगरपालिकेच्या सगळ्या मोठ्या इमारती लीड प्लॅटिनम (पर्यावरणपूरक बांधकामाचा सगळ्यात वरचा दर्जा) दर्जाच्याच करायच्या असा ठराव घेतला, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. नवी शाळा, नवं हॉस्पिटल, गावाबाहेर साडेबारा मेगावॉटच्या पवनचक्क्या, सगळं झालं. पण २००० च्या जनगणनेत दीड हजारांवर माणसं होती ती २०१० ला ७७७ आणि २०२० ला ७४० झाली. गाव आधीपासूनच ओसरत होतं म्हणा, वादळाने ते एका रात्रीत उरकलं. म्हातारी माणसं मुलांकडे गेली ती तिथेच राहिली, नव्या घराचा खर्च जुन्या घराच्या इन्शुरन्समध्ये बसत नाही.

गोव्यात आम्ही टॉर्नेडो नाही पण मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ बघितलं. ते किनाऱ्याला घासून वर गुजरातला गेलं तरी इथे झाडं आणि विजेचे खांब एवढे पडले की कितीतरी गावांत दिवसच्या दिवस लाईट नाही, लाईट नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही, वर कोविडचा कर्फ्यू. आमच्या पडवीवर फणस आला. वासे मोडले, रिपा मोडल्या, आणि खरी पंचाईत कौलांची, कारण नवीन कौलाची खाच जुन्या मंगलोरी कौलात बसतच नाही, शेवटी वाड्यावरचं एक पडकं घर उतरवत होते तिथली कौलं आणली, तोवर मृग तोंडावर आलेला. पंचनाम्याला तलाठी आले तर कागदावर अजून आजोबांचं नाव, आणि वाटेकरी किती ते बाबांना बोटांवर मोजावं लागलं. सह्या गोळा करता करता जीव गेला.

पण माझं मत असं की हेच वाटेकऱ्यांचं लफडं आम्हाला धरून ठेवतं. घर कुणा एकाचं नाही म्हणून कुणी विकून निघून जाऊ शकत नाही, आणि चवथीला गणपती त्याच घरात बसणार म्हणून मुंबईचे काका असोत की वास्कोची आत्या, पैसे पाठवतातच, कुरकुरत पाठवतात. ग्रीन्सबर्गकडे पैसा आला, प्लॅन आला, इंजिनियर आले, पण गेलेल्यांना दरवर्षी परत यायला लावणारं असं काही तिथे होतं असं मला दिसत नाही.

म्हणून कुठलं गाव सावरलं हे बघायचं असेल तर नव्या बिल्डिंगचे फोटो बघू नका, दहा वर्षांनी शाळेत पहिलीला किती पोरं आहेत ते विचारा.