संस्थेचं काम सोडून पक्षात गेलं तर वस्तीचा विश्वास राहतो का?

तुम्ही लिहिलंय की सात वर्षं पुण्यातल्या एका संस्थेतून वस्त्यांमध्ये काम केलंत, आता पक्षात जावंसं वाटतंय. पण लोक पाठ फिरवतील का, आणि सुरुवात कुठून करायची? मी २०२१ मध्ये याच वाटेने गेले. त्याआधी अकरा वर्षं दांडेकर पुलाजवळच्या वस्त्यांत होते. म्हणून माझ्यापुरतं सांगते.

मला पक्षात नेलं ते एका सार्वजनिक संडासाने. बायकांच्या बाजूला आठ सीट, त्यातल्या पाच तुंबलेल्या. दोन दारांना कडी नाही, आत दिवा नाही. रात्री जायचं तर मुली आईला उठवायच्या. चार वर्षं आम्ही निवेदनं दिली, बादल्या घेऊन क्षेत्रीय कार्यालयावर मोर्चा नेला, पेपरात फोटोही आला. उत्तर ठरलेलं: तरतूद नाही. शेवटी एका कनिष्ठ अभियंत्याने बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, माननीयांकडून हे काम 'स' यादीत बसवून घ्या, मी लगेच इस्टिमेट करतो."

'माननीय' म्हणजे नगरसेवक, आणि 'स' यादी म्हणजे त्यांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली अंदाजपत्रकातली कामं. मला हे तोवर माहीत नव्हतं. समाजकार्याच्या पदवीत कुणी शिकवलं नव्हतं, संस्थेतही नाही. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, स्थायी त्यात फेरफार करते, मग मुख्य सभेची मंजुरी. नवं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे हे सगळं त्याच्या आधी उरकलेलं असतं. आमचे मोर्चे निघायचे मे महिन्यात, पाणी कमी झालं की! त्या वर्षी आमच्या वस्तीच्या वाट्याला बाकडी आणि कापडी पिशव्या आल्या. संडासाच्या दाराला कडी आली नाही. ज्या खोलीत हे ठरतं तिथे आपलं कुणीतरी बसलेलं हवं, हे माझ्या मनाने तेव्हा घेतलं.

संस्थेतले काही सहकारी म्हणाले, आपलं काम पवित्र, राजकारण घाण. मला हे पटत नाही. आपल्याच शहरात मुलींची शाळा काढणारे जोतीराव १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या इमारतीवर होणाऱ्या खर्चाला त्यांनी तिथे बसून विरोध केला, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. मुंबईत मृणालताई गोरे १९६१ मध्ये महापालिकेत निवडून गेल्या आणि लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. त्यांनी काम सोडलं असं कोण म्हणेल?

अपक्ष उभं राहण्याचा विचार मीही केला होता. पण २०१७ पासून पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. आमची वस्ती नऊशे घरांची, आणि प्रभागातली माणसं पाऊण लाखाच्या घरात. त्यात सोसायट्या आल्या, व्यापारी आले, ज्यांच्या दारात मी कधी गेले नव्हते असे रस्ते आले. मतदार चार मतं देतो, ती बहुतेक एका पक्षाचं चौघांचं पॅनेल बघून. म्हणून पक्ष.

पक्षात गेल्यावर लगेच निवडणूक लागेल असं वाटलं होतं. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आला. मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. एवढी वर्षं मी मतदार यादीवर काम केलं: कोण वारलं, कोण भाडं परवडेना म्हणून धायरीला गेलं, कुणाचं नाव दोन ठिकाणी आहे. सर्वेक्षणाची सवय होती, ती इथे फार कामाला आली. सोसायट्यांमध्ये जाऊन बसायलाही तेव्हाच शिकले. ओला-सुका कचरा वेगळा करण्यावरून तिथे तासतास बोलणी व्हायची.

उमेदवारी मला मिळाली नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न होता, खर्च किती करू शकाल? मी खरा आकडा सांगितला. जागा दुसऱ्या बाईंना गेली. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मतदारांच्या स्लिपा वाटायला गेले, कारण बूथवरच्या पोरांनी माझ्या शब्दावर सुट्ट्या टाकल्या होत्या. तुम्ही जाणार असाल तर हे आपल्याही वाट्याला येईल असं धरूनच जा, आणि घरखर्चाचं आधी बघा. माझ्या नवऱ्याचा पगार होता म्हणून मी तग धरू शकले.

आता विश्वासाचं. तो थोडा तुटतोच. आमच्या महिला गटात सगळ्या पक्षांना मत देणाऱ्या बाया आहेत. मी पक्षात गेल्याच्या आठवड्यात दोघींनी बैठकीला येणं बंद केलं. त्यांचं बरोबर होतं. त्यांची नावं-नंबर माझ्याकडे संस्थेच्या कामामुळे आले होते. मी त्या वह्या संस्थेत परत देऊन टाकल्या आणि एकाही नंबरवर प्रचाराचा मेसेज पाठवला नाही. विश्वस्तपदाचा राजीनामा प्रवेशाच्या आधी दिला होता. तुमच्या संस्थेला परदेशी देणगी येत असेल तर यात अजिबात ढिलाई नको. २०१० च्या कायद्याने उमेदवार, पक्ष आणि पक्षाचे पदाधिकारी यांना असा पैसा घेता येत नाही, आणि तुमच्यामुळे संस्थेकडे बोट दाखवलं गेलं तर भोगावं लागेल ते वस्तीला. गटाच्या बैठकीला बोलावलं तर मी आजही पक्षाचं उपरणं घरी ठेवून जाते.

त्या दोघींपैकी एक वर्षभराने स्वतःहून आली, रेशनकार्डातल्या नावासाठी. यंदा मतदानानंतर तिने मला तोंडावर सांगितलं, "ताई, मत तुमच्याकडे नाही दिलं. पण संडासाच्या दिव्याचं तुम्हीच बघा."

सुरुवात म्हणाल तर प्रवेशाच्या आधी महापालिकेचं अंदाजपत्रक मिळवा आणि तुमच्या प्रभागाची 'स' यादी ओळ न् ओळ वाचा. मग ज्या पक्षात जायचं मनात आहे, त्याच्या स्थानिक माणसांना त्यातल्या एका कामाबद्दल विचारून बघा.