नव्या नेटवर्क स्विचची सुरुवात कन्सोल केबलने करावी
नेटवर्कमधील उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या स्विचला अजून आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा ओळख-क्रमांक) दिलेला नसेल, तर तुम्ही पहिला संपर्क कन्सोल पोर्टमधूनच, म्हणजे संगणक केबलने थेट जोडण्याच्या जागेतूनच, साधावा. टर्मिनल प्रोग्राममध्ये (स्विचला आज्ञा टाइप करून देण्याचे सॉफ्टवेअर) बऱ्याच स्विचना ९६०० बॉड (संदेशवहनाचा वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि १ स्टॉप बिट ही मांडणी चालते, तरी मॉडेलची माहितीपुस्तिका आधी पाहावी. त्यानंतर व्यवस्थापनासाठी स्वतंत्र व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळे केलेले आभासी नेटवर्क) ठेवून एसएसएच (दुरून सुरक्षितपणे जोडण्याची पद्धत) सुरू करावे. टेलनेट (दुरून जोडण्याची जुनी पद्धत) मात्र बंदच ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यातून पासवर्डसुद्धा उघडा जातो. दुरून ट्रंक पोर्ट (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणारा पोर्ट) किंवा व्हीलॅन बदलताना ज्या मार्गाने तुम्ही आत आलात तोच तुटू शकतो, म्हणून अशा वेळी कन्सोलची सोय तयार असावी. बदल तपासून झाल्यावर कॉन्फिगरेशन जतन करावे. अनेक स्विचमध्ये तसे न केल्यास पुन्हा चालू होताना ते बदल नाहीसे होतात.