पहिल्यांदा दुबईला निघालात? आधी पैशाचं बघा

घाबरू नका भो. दुबईत चालतो तो दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, म्हणजे दर ठरलेला: एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणून आपल्याकडे डॉलर चढला की दिरहमही महागतो. एवढं गणित सध्या पुरे.

पैसे जळगावातच परवानाधारक चेंजरकडून बदला, पावती सांभाळा. मी पहिल्या खेपेला सगळे विमानतळावर बदलले. रावेरच्या केळीला बांधावर मिळतो तसा पडेल भाव मिळाला!

- ५, १०, २० च्या नोटा मागून घ्या. टॅक्सीवाल्याला मोठी नोट दिली की सुट्ट्यांची बोंब.
- सगळी रोकड एका पाकिटात नको.
- कार्डाचं मशीन 'रुपये की दिरहम' विचारतं, तिथे दिरहमच निवडा. रुपयांत दर चढा लावतात.

फॉरेक्स कार्डाचं (आधीच परकी चलन भरून घेतलेलं कार्ड) पुढच्या खेपेला बघू.